नळाला पहिली दहा मिनिटं घाण पाणी का येतं, आणि नगरपरिषदेकडून नेमकं काय करून घ्यायचं

प्रश्न थोडक्यात असा: नगरपरिषदेच्या हद्दीतली गल्ली, एक दिवसाआड तासभर पाणी. गल्लीच्या उताराकडच्या वीस-बावीस घरांना पहिली दहा मिनिटं काळपट, वास मारणारं पाणी येतं, मग ते निवळतं. वरच्या अंगाच्या घरांची तक्रार नाही. नगरपरिषद म्हणते, नवी योजना मंजूर आहे, पाईपलाईन बदलली की प्रश्न सुटेल. तोवर काय करायचं, आणि तक्रार करायची तर कशाची?

नव्या योजनेची वाट बघत बसू नका. या लक्षणांवरून दोष मुख्य वाहिनीत असण्यापेक्षा फेरूलपासून (मुख्य वाहिनीवर घराची जोडणी जिथे घेतात तो पितळी तुकडा) घराच्या नळापर्यंतच्या अर्ध्या इंची जोडणीत असण्याची शक्यता जास्त आहे. योजनेत उंच टाकी होते, जलशुद्धीकरण केंद्र होतं, गल्लीतली वाहिनीही बदलली जाते. पण गटारातून जाणारा तो दहा-पंधरा फुटांचा जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप बऱ्याच ठिकाणी तसाच राहतो आणि नव्या वाहिनीला जोडून दिला जातो. मग कोट्यवधींच्या योजनेनंतरही वास तोच.

पाणी घाण कसं होतं ते आधी नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा शोध त्यावरच चालतो. वॉलमनने व्हॉल्व्ह बंद केला की वाहिनीत उरलेलं पाणी उताराच्या घरांत निघून जातं. पाणी गेलं की मागे पोकळी होते, आणि वाहिनी जिथून मिळेल तिथून हवा किंवा पाणी आत ओढते. हे घरी पाहता येतं. पाणी बंद होत आलं की नळ उघडा ठेवून तोंडाला ओल्या कागदाचा तुकडा लावा. कागद आत ओढला गेला, तर त्याच क्षणी तुमच्या गल्लीतलं प्रत्येक गळकं भोक बाहेरचं पाणी आत घेतंय. पाणी चालू असताना ज्या भोकातून बाहेर गळती होते, त्याच भोकातून बंद काळात गटार आत शिरतं. पुढच्या पाळीला हे सगळं ढकलत उताराच्या घरांकडे येतं, कारण वाहिनीचं टोक तिकडेच आहे. वरच्या घरांना तक्रार नसण्याचं कारण एवढंच. त्यांची जोडणी चांगली असेल असं नाही. उलट दोष वरच्या घराच्या जोडणीत आणि पाणी खालच्याला, असं सर्रास असतं. त्यामुळे ‘आमच्याकडे तर स्वच्छ येतं’ म्हणणाऱ्या घरालाच आधी तपासावं लागतं, आणि गल्लीतली भांडणं इथूनच सुरू होतात.

गटार आत शिरायच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली, जीआय पाईपचे आटे. आटे पाडताना जस्ताचा थर निघून जातो, त्यामुळे सॉकेटजवळ पाईप आधी सडतो. वरून अख्खा दिसतो आणि आट्यात चाळणी झालेली असते. दुसरी, पीव्हीसी वाहिनीवर सॅडल (जोडणीसाठी वाहिनीभोवती आवळायचा पट्टा) न बसवता सळई तापवून पाडलेलं भोक. तिसरी, मृत जोडण्या: घर पाडलं किंवा जोडणी नव्या लाईनवर घेतली, पण जुनी जोडणी फेरूलला बंद न करता घराच्या टोकाला लाकडी खुंटी ठोकून किंवा पाईप दुमडून सोडून दिली. चौथी, एअर व्हॉल्व्हचं चेंबर. वाहिनी रिकामी होताना हवा आत घेणं हे एअर व्हॉल्व्हचं कामच आहे. पण ते चेंबर गटाराच्या पाण्याने भरलेलं असेल, तर तो व्हॉल्व्ह हवेऐवजी तेच पाणी आत घेतो. पावसाळ्यात अनेक गल्ल्यांत एकदम तक्रारी आल्या, की आधी जवळच्या एअर व्हॉल्व्हच्या चेंबरचं झाकण उघडून बघावं. पाचवी जागा घरातलीच आहे: जमिनीखालच्या हौदात बुडालेली नळी. हौद भरताना पाईपचं तोंड पाण्याखाली असलं, की वाहिनी रिकामी होताना हौदातलं पाणी उलटं ओढलं जातं. पाईपचं तोंड हौदाच्या सर्वांत वरच्या पाणीपातळीपेक्षा निदान चार बोटं वर हवं.

या सगळ्यावर कडी करतो तो थेट नळाला लावलेला टिल्लू पंप. वाहिनीत दाब आधीच कमी, त्यात पाच-सहा घरांचे पंप एकदम ओढायला लागले की पाणी चालू असतानाही टोकाला पोकळी तयार होते. मग घाण पाणी फक्त पहिल्या दहा मिनिटांत येत नाही, मध्येच येतं. तुमच्याकडे तसं होत असेल, तर वेळ लिहून ठेवा आणि त्या वेळी किती पंप चालू असतात ते बघा.

आता तपासणी. पहिल्या पाळीला तीन घरं निवडा: गल्लीच्या तोंडाचं, मधलं आणि शेवटचं. प्रत्येक घरात पाणी सुटल्यावर पहिल्या मिनिटाला, दहाव्या मिनिटाला आणि तिसाव्या मिनिटाला पारदर्शक बाटलीत नमुना घ्या, बाटलीवर घर आणि वेळ लिहा. झाकण लावून एक दिवस ठेवा. तांबूस पाणी असेल, गाळ तळाला बसून वर नितळ झालं आणि वास नसला, तर तो बहुधा जुन्या लोखंडी पाईपचा गंज किंवा टोकाला साचलेला गाळ; त्याला वाहिनी धुणं पुरतं. काळपट पाणी असेल आणि दुसऱ्या दिवशी बाटली उघडताच वास वाढलेला असेल, तर ते गटार आहे. बाजारात मिळणारा पेनासारखा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) इथे कामाला येतो. पाणी पिण्याजोगं आहे की नाही हे तो सांगत नाही (विकणारे काहीही सांगोत), पण एकाच नळाच्या पहिल्या आणि तिसाव्या मिनिटाच्या पाण्यात मोठा फरक दाखवला, तर बाहेरचं पाणी मिसळतंय हे नक्की.

खरी कसोटी क्लोरीनची. भारतीय मानक 10500 प्रमाणे ग्राहकाच्या नळाला निदान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरीन (जंतू मारायला अजून मोकळा असलेला) शिल्लक हवा. तपासणीला आपल्याकडे ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीनचं द्रावण वापरतात. नळीत पाणी घ्यायचं, किटवर लिहिलेले तेवढे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग तक्त्याशी ताडून बघायचा. रंग काही सेकंदांतच वाचायचा. पाच मिनिटांनी वाचला तर संयुक्त क्लोरीनही (घाणीशी जोडला जाऊन कमजोर झालेला) रंग देतो आणि आकडा फुगतो. ‘ओटी पॉझिटिव्ह’ असं नोंदवहीत लिहिलेलं असूनही गल्लीत जुलाब चालू असतात, त्याचं हे एक कारण. ओटी विषारी आहे, नळी तपासून झाली की पाणी ओतून द्या आणि हात धुवा. डीपीडीच्या गोळ्यांचं किट मिळालं तर ते जास्त भरवशाचं. त्यात रंग गुलाबी येतो.

क्लोरीनची तपासणी गल्लीच्या तोंडाकडून टोकाकडे, दर तीन-चार घरांनी करत जा, आणि सगळ्या घरांत पाणी सुटल्यापासून साधारण तितक्याच मिनिटांनी. तोंडाशी 0.5 आहे, पुढच्या घरात 0.4, पुढे 0.4, आणि मग एकदम शून्य, असं दिसलं तर दोष त्या शेवटच्या दोन घरांच्या मध्ये आहे. गटाराचं पाणी क्लोरीन खाऊन टाकतं, म्हणून क्लोरीन जिथे नाहीसा होतो तिथेच खोदायचं. तोंडाशीच शून्य असेल, तर दोष गल्लीत शोधण्यात अर्थ नाही. टाकीवर क्लोरीन घातला जात नाही किंवा आधीच्या भागात गळती आहे. तिसाव्या मिनिटालाही शून्यच राहत असेल, तर मोठी गळती किंवा कुठेतरी थेट जोड आहे असं समजा.

जागा साधारण कळली की पाणी चालू असताना त्या टप्प्यातलं गटार बघा. गटार आधी साफ करून घ्यावं लागतं, गाळाखाली काही दिसत नाही. काळ्या पाण्यात एखाद्या ठिकाणी नितळ पाणी बुडबुड्यांसह वर येतं, आजूबाजूचा गाळ बाजूला सरकून वाटीएवढी स्वच्छ जागा होते. तीच गळती. पाणी बंद झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी परत या: त्याच जागी गटाराचं पाणी खाली जाताना, वर तरंगणारा कचरा तिकडे सरकताना दिसतो. दोन्ही वेळा मोबाईलवर चित्रण करा, वेळेसह. या दोन चित्रफिती शंभर सह्यांच्या निवेदनापेक्षा जास्त काम करतात.

जिवाणू तपासणीसाठी नमुना साध्या बाटलीत घेऊ नका. प्रयोगशाळेकडून निर्जंतुक बाटली मिळते, तिच्यात क्लोरीन मारण्यासाठी सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं. ती आतून धुवायची नाही. नळाचं तोंड ज्योतीने किंवा स्पिरिटने निर्जंतुक करून नमुना घ्या, बाटली बर्फात ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी पोहोचवा. जिल्ह्याच्या आणि उपविभागाच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे आहेत. 100 मिलिलिटरमध्ये ई-कोलाय अजिबात सापडता कामा नये. नमुना पहिल्या मिनिटाचा आणि तिसाव्या मिनिटाचा असे दोन द्या. नगरपरिषदेचे नमुने बहुतेक वेळा पाणी स्वच्छ झाल्यावर घेतलेले असतात, म्हणून अहवाल ‘पिण्यायोग्य’ येतो. त्यात लबाडी असतेच असं नाही. कर्मचारी सकाळी सातला येतो आणि पाणी साडेसहाला सुटलेलं असतं.

दुरुस्ती म्हणजे गळक्या जागी रबराची पट्टी आणि तार गुंडाळणं नव्हे. ती पट्टी बाहेर येणारं पाणी काही दिवस थोपवते, आत ओढलं जाणारं नाही. त्या टप्प्यातल्या सगळ्या जोडण्या एकदम बदलून घ्या, एकेक नको. एक बदलली की दाब वाढून शेजारची फुटते. मागणी अशी लिहा: वाहिनीवर सॅडल आणि पितळी फेरूल, फेरूलपासून मीटरपर्यंत 20 मिलिमीटरचा निळा एमडीपीई (लवचीक प्लास्टिकचा) पाईप, मध्ये एकही जोड नाही, गटार ओलांडताना पाईप गटाराच्या आतून न नेता खालून किंवा स्लॅबवरून, आणि 40 ते 50 मिलिमीटरच्या पीव्हीसी बाहीतून (पाईपवरचा संरक्षक मोठा पाईप), बाहीची टोकं गटाराच्या दोन्ही भिंतींच्या बाहेर निदान फूटभर. पाईप ताणून बसवायचा नाही, थोडा सैल ठेवायचा, नाहीतर भराव बसताना फेरूलमधून उपटतो. जुनी जोडणी फेरूललाच बंद करून टोपण बसवायचं. आणि खड्डा बुजवण्याआधी एक पाळी पाणी जाऊ द्यायचं. ही शेवटची अट ठेकेदाराला आवडत नाही, कारण खड्डा दोन दिवस उघडा राहतो. पण सॅडलची गळती एकदा माती पडल्यावर कोणालाच दिसत नाही.

नवी वाहिनी आधीच टाकून झाली असेल, तर जुनी बंद केली आहे का, हे विचारा. खूप गावांत दोन्ही वाहिन्या एकमेकींना जोडलेल्या आणि भरलेल्या असतात, कारण चार-सहा घरांनी जोडणी नव्यावर घेतलेली नसते. त्या चार घरांसाठी अख्खी सडलेली लाईन जिवंत ठेवली जाते.

दुरुस्तीनंतर वाहिनी निर्जंतुक करायला हवी, जे जवळजवळ कोणी करत नाही. हिशेब सोपा आहे. 100 मिलिमीटर व्यासाच्या पाईपमध्ये दर मीटरला 7.85 लिटर पाणी मावतं. 200 मीटरच्या गल्लीत 1570 लिटर. लिटरला 25 मिलिग्रॅम क्लोरीन घालायचा म्हणजे सुमारे 40 ग्रॅम, आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडर 25 टक्के ताकदीची धरली तर 160 ग्रॅम. एवढीशी पावडर. बादलीत कालवून, चुना तळाला बसू देऊन वरचं नितळ द्रावण वाहिनीत भरायचं, चोवीस तास ठेवायचं आणि टोकाच्या वॉशआऊटमधून (वाहिनी धुऊन रिकामी करायचा व्हॉल्व्ह) सोडून द्यायचं. त्या काळात गल्लीतले नळ बंद ठेवायला सांगायचं, हे सगळ्यांत कठीण काम. टोकाला वॉशआऊट नसेल तर याच कामात बसवून घ्या. नसेल तर गाळ कायम शेवटच्या घरांच्या नळातूनच निघणार.

टाकीवरच्या रोजच्या मात्रेचा हिशेबही जाणून घ्या, म्हणजे विचारता येतं. ताज्या, 33 टक्क्यांच्या पावडरीचे 5 ग्रॅम 1000 लिटरला घातले की लिटरला 1.65 मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. एक लाख लिटरच्या टाकीला अर्धा किलो. पण पावडर ओलसर खोलीत उघड्या पोत्यात महिनाभर राहिली की ताकद उतरते, आणि अर्धा किलो घालूनही टोकाला काही पोहोचत नाही. म्हणून ‘किती किलो घातली’ यापेक्षा ‘या खेपेची ताकद किती टक्के आली’ हे विचारा. पावडर घातल्यावर पाणी सोडण्याआधी निदान अर्धा तास जाऊ द्यावा लागतो. टाकी भरता भरता व्हॉल्व्ह उघडला तर त्या क्लोरीनला काम करायला वेळच मिळत नाही.

आता कागद. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम 1965 च्या कलम 49 खाली पाणीपुरवठा हे नगरपरिषदेचं बंधनकारक कर्तव्य आहे. महानगरपालिकांसाठी (मुंबई सोडून) 1949 च्या अधिनियमाचं कलम 63. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, प्रत पाणीपुरवठा अभियंता आणि नगरपरिषदेच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला. ‘दूषित पाणी येते, योग्य ती कारवाई व्हावी’ एवढं लिहिलं तर योग्य ती कारवाई म्हणजे एक टँकर येतो. त्याऐवजी घर, वेळ, क्लोरीनचा आकडा, टीडीएस असा तक्ता जोडा, गटारातली जागा कोणाच्या घरासमोर आहे ते लिहा आणि तीनच गोष्टी मागा: अमुक घर ते अमुक घर जोडण्या बदलणं, मृत जोडण्या फेरूलला बंद करणं, टोकाला वॉशआऊट. पोच घ्या, ‘आपले सरकार’ या राज्याच्या तक्रार पोर्टलवरही टाका.

खर्च कोणाचा, हा वाद इथे येणारच. उपविधींप्रमाणे फेरूलपासून पुढची जोडणी सहसा घरमालकाची मानली जाते, आणि दुरुस्ती म्हणूनच अडते: नगरपरिषद म्हणते तुमचा पाईप, मालक म्हणतो रस्ता तुमचा. माझ्या मते टप्प्यातल्या सगळ्या जोडण्या नगरपरिषदेने स्वतःच्या खर्चाने, एकाच कामात बदलाव्यात, कारण एकाच्या सडलेल्या पाईपचं पाणी दुसराच पितो. देखभाल-दुरुस्तीच्या वार्षिक दरकरारातून हे बसतं. सभेत ठराव करून मालकांचा वाटा पाणीपट्टीतून हप्त्याने वसूल करण्याचा मार्गही आहे. मृत जोडणीसाठी मालकाकडून अर्ज करून घेता आला तर सोपं: जोडणी कायमस्वरूपी खंडित करणं ही लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खालची अधिसूचित सेवा आहे.

उत्तर आलंच नाही, तर माहितीचा अधिकार वापरा, पण छायाप्रती मागत बसू नका. कलम 2(ञ) मध्ये कामाची आणि अभिलेखांची पाहणी करण्याचा हक्क आहे. मागच्या तीन महिन्यांची क्लोरीन नोंदवही, टीसीएल खरेदीची आणि तपासणीची नोंद, आणि वॉलमनची पाळी-वही पाहायला मागा. नोंदवहीत रोज, सगळ्या भागांत, एकाच शाईत 0.5 लिहिलेलं दिसलं तर तुम्हाला जे कळायचं ते कळेल.

एक घाई मात्र करा. गल्लीतला रस्ता काँक्रीटचा करायचं काम मंजूर आहे का, ते आजच विचारा. आधी जलवाहिनी आणि जोडण्या, मग गटार, शेवटी रस्ता, हा क्रम कागदावर सगळ्यांना पाठ आहे. निधी मात्र रस्त्याचा आधी येतो. काँक्रीट पडलं की पुढची दहा वर्षं कोणी खोदू देणार नाही. काम थांबवता येत नसेल, तर निदान प्रत्येक घरासमोर रस्त्याखालून एक रिकामी बाही टाकून घ्या.

दाबाचं गणितही अर्जात येऊ द्या. माणशी रोज 135 लिटर धरले तर पाच जणांच्या घराला एक दिवसाआड 1350 लिटर लागतात. तासभरात ते भरायचे तर मिनिटाला साडेबावीस लिटर, म्हणजे 15 लिटरची बादली 40 सेकंदांत भरली पाहिजे. टोकाच्या घरात घड्याळ लावून बघा. दोन-अडीच मिनिटं लागत असतील, तर लोक पंप का लावतात याचं उत्तर मिळालं. नुसती पंप-जप्तीची मोहीम आठवडाभर टिकते. उताराच्या भागाला वेगळा व्हॉल्व्ह देऊन स्वतंत्र पाळी दिली आणि पाणी सोडताना व्हॉल्व्ह हळूहळू उघडला, तर पंपाची गरजही घटते आणि पहिल्या झोताचा गाळही. कराडजवळच्या मलकापूरने मीटर आणि वापराप्रमाणे चढते दर लावून चोवीस तास पाणी दिलं. वाहिनी सतत भरलेली असली की गटार आत येण्याचं मूळ कारणच उरत नाही. पण तिथवर जायलाही आधी जोडण्याच बदलाव्या लागतात, नाहीतर चोवीस तास गळती होते.

तोवर घरात पहिली पंधरा मिनिटं हौदाची नळी जोडू नका. ते पाणी अंगण-संडासाला वेगळ्या पिंपात घ्या. नंतरचं पिण्याचं पाणी खळखळून उकळा. तुरटीने पाणी नितळ होतं, जंतू मरत नाहीत. गल्लीत दोघांना एकदम कावीळ झाली, तर वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि गेल्या दीड-दोन महिन्यांत कुठे खोदाई, पाईपफूट झाली होती ते सांगा: पाण्यातून होणाऱ्या काविळीची लागण होऊन लक्षणं दिसायला दोन ते आठ आठवडे जाऊ शकतात, त्यामुळे आजचा नमुना स्वच्छ आला म्हणून दोष पाण्याचा नव्हता असं ठरत नाही. जुलाब-उलट्यांचं तसं नाही, तिथे मागचे दोन-तीन दिवसच बघायचे.

दुरुस्ती झाल्यावर त्याच तीन घरांत, त्याच तीन वेळांना, सलग चार पाळ्या क्लोरीन तपासा. पहिल्या मिनिटालाही शेवटच्या घरात 0.2 दिसला तर काम झालं. पहिल्या मिनिटाला अजून शून्यच असेल, पण वास गेलेला असेल, तर बहुधा आणखी एखादी मृत जोडणी राहिली आहे. ठेकेदाराचं अंतिम बिल निघण्याआधी ती शोधायला लावा.